ऑटो-रिव्हर्सचा जुना टू-इन-वन घेताना आधी उलटी दिशा ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते कळेल. तुमच्या आई 78 वर्षांच्या. संधिवातामुळे बोटं नीट वळत नाहीत. वडिलांनी आकाशवाणीवरून आणि गावच्या भजनांतून भरून ठेवलेल्या शंभरेक कॅसेट घरात आहेत आणि दुपारी त्या ऐकणं हा आईंचा विरंगुळा आहे. घरातला टू-इन-वन एकाच बाजूने वाजतो आणि दर अर्ध्या तासाने कॅसेट उलटवायला दुपारी घरात कोणी नसतं. म्हणून ऑटो-रिव्हर्स असलेला, म्हणजे एक बाजू संपली की दुसरी आपोआप वाजवणारा, जुना बूमबॉक्स घ्यायचा, बारा हजारांपर्यंत. दोन सेट पाहून ठेवलेत. एक ऐंशीच्या दशकातला चंदेरी, डबल कॅसेटचा, मोठ्या स्पीकरचा. दुसरा नव्वदच्या दशकातला काळा, वर सीडी असलेला. यातला भरवशाचा कोणता?

मी सांगलीत टेपरेकॉर्डर दुरुस्त करतो, 1989 पासून. एके काळी दिवसाला जेवढे सेट टेबलावर यायचे तेवढे आता महिन्याला येतात, पण जे लोक आणतात ते फार जीव लावून आणतात. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन कोणी आलं की मी आधी विचारतो, कॅसेट कसल्या आहेत? विकत आणलेल्या गाण्यांच्या असतील तर एखादी गेली तरी ते गाणं दुसरीकडे मिळतं. तुमच्याकडच्या वडिलांनी भरलेल्या आहेत, त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न माझ्या मते असा आहे: आई एकट्या असताना तास-दीड तास कोणी हात न लावता वाजेल आणि वडिलांची एकही कॅसेट खाणार नाही, असा सेट ओळखायचा कसा? हा प्रश्न समोर ठेवला की कंपनीचं नाव, वॉट आणि स्पीकरचा आकार आपोआप मागे पडतात.

काही गोष्टी सेट न बघता सांगता येत नाहीत, हे आधीच कबूल करतो. तीस-चाळीस वर्षांच्या यंत्राची तब्येत ते कुणाच्या घरी आणि कसल्या हवेत राहिलं यावर असते. एकाच मॉडेलचे दोन सेट माझ्याकडे आलेले आहेत, एक कोकणातल्या दमट घरातून आणि एक जतच्या कोरड्या हवेतून, आणि आत उघडून बघितल्यावर ते एकाच कारखान्यातले आहेत हे पटू नये इतका फरक. म्हणून अमुक मॉडेल डोळे मिटून घ्या, असं मी सांगणार नाही. शिवाय ज्या सेटची शौकिनांमध्ये फार वाहवा होते, त्यातले कित्येक तुमच्या कामाचेच नाहीत. जेव्हीसीचा आरसी-एम 90 हा 1981 चा सेट घ्या. आवाज दणदणीत, बटणं हलकी, आजही लोक त्यासाठी भरपूर पैसे मोजतात, पण त्यात ऑटो-रिव्हर्स नाहीच. तेव्हा नावावर जाऊ नका, आतल्या यंत्रणेवर जा.

ती यंत्रणा एकदा समजून घ्या. कॅसेटमधली फीत जेमतेम 3.8 मिलिमीटर रुंद असते. तिच्या अर्ध्या पट्टीत पहिली बाजू असते, उरलेल्या अर्ध्या पट्टीत दुसरी. स्टिरिओ असेल तर प्रत्येक अर्ध्यात दोन ट्रॅक, प्रत्येकी 0.6 मिलिमीटरचा. आपण हाताने कॅसेट उलटवतो तेव्हा दुसरी पट्टी हेडसमोर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागासमोर, येते. ऑटो-रिव्हर्समध्ये कॅसेट जागची हलत नाही. फीत उलट दिशेने धावते आणि हेडला दुसरी पट्टी वाचावी लागते.

हे साधायचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात हेड स्वतःच अर्धा फेरा फिरतं, 180 अंश. छोट्या दातेरी चाकावर बसवलेलं असतं आणि दिशा बदलली की खट् आवाज करून गर्रकन वळतं. दुसऱ्यात हेड जागेवर स्थिर असतं, पण त्यात दोनऐवजी चार ट्रॅक वाचायची सोय असते आणि दिशेप्रमाणे त्यातली एक जोडी चालू होते. तिसराही मार्ग होता. नाकामिचीने आरएक्स-505 या घरगुती डेकमध्ये चक्क कॅसेटच बाहेर काढून उलटवून परत आत घालायची व्यवस्था केली. उलट्या दिशेत हेड अचूक ठेवणं किती कठीण आहे हे त्या लोकांना पुरेपूर माहीत होतं, म्हणून एवढा खटाटोप. बूमबॉक्समध्ये मात्र तुम्हाला पहिले दोनच प्रकार भेटतील.

हेडच्या दोन बाजूंना दोन कॅपस्टन असतात, म्हणजे फीत ओढणारे पोलादी बारीक दांडे, आणि प्रत्येकासमोर एक रबरी पिंच रोलर. मागे दोन फ्लायव्हील, म्हणजे जड चाकं, उलटसुलट फिरत असतात आणि बहुधा एकच लांब बेल्ट मोटरपासून निघून दोन्हींना फिरवतो. एका चाकाला तो आतल्या अंगाने कवेत घेतो, दुसऱ्याला पाठीने घासत जातो. दुसऱ्या चाकावर त्याची पकड साहजिकच कमी असते. बेल्ट म्हातारा झाला की आधी घसरतो तो इथेच. म्हणून सुलट दिशेने ठणठणीत वाजणारा सेट उलट दिशेने रडत वाजतो, आणि विकणारा तुम्हाला सुलट दिशाच ऐकवतो. त्याच्या मनात फसवायचं असतं असंही नाही. बऱ्याचदा त्यानेही दुसरी दिशा ऐकलेली नसते.

दिशा बदलायची वेळ झाली हे सेटला कळतं कसं, तेही बघा. फीत संपली की गुंडाळणारी फिरकी थांबते. साध्या सेटमध्ये एक तरफ ते ओळखते आणि फ्लायव्हीलच्या जोरावर सगळी यंत्रणा पलटी करते. इलेक्ट्रॉनिक बटणांच्या सेटमध्ये फिरकीखाली सेन्सर असतो, त्याचे ठोके बंद झाले की आयसी हुकूम सोडते. दोन्हींत तत्त्व तेच, फिरकी थांबली म्हणजे बाजू संपली. आता फिरकीला जोर देणारा रबरी टायर कडक झाला आणि फिरकी मध्येच अडखळली तर? सेटला वाटतं बाजू संपली आणि ऐन अभंगात तो उलटी दिशा पकडतो. लोक म्हणतात, ऑटो-रिव्हर्स बिघडलंय. ते तर आपलं काम चोख करत असतं, दुखणं टायरचं असतं. याहून वाईट म्हणजे कॅपस्टन फीत ढकलत राहतो आणि अडखळलेली फिरकी ती गुंडाळत नाही. मग फीत रोलरभोवती गुरफटते. कॅसेट खाल्ली म्हणतात ती अशी. एका दिशेत टायर, बेल्ट, रोलर यांतल्या कशाचीही कुरकुर असेल तर तुम्ही ज्या दिशेकडे लक्षच दिलं नाही त्या दिशेत वडिलांची कॅसेट जाणार.

सात-आठ वर्षांपूर्वी एक बाई असा सेट घेऊन आल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वीच घेतलेला, सुलट दिशेने अप्रतिम. सासऱ्यांच्या कीर्तनाची कॅसेट लावून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दुसरी बाजू सुरू होऊन पाच मिनिटांत आवाज बंद. परत येऊन बघतात तर फीत बाहेर. मी सेट उघडला. उजवीकडचा पिंच रोलर कोणीतरी नवा बसवला होता, काळाभोर, मऊ. डावीकडचा मूळचाच, काचेसारखा चकचकीत, नखाने दाबला तर दबेना. एकच रोलर बदलून सेट विकला होता. फीत मी इस्त्री केल्यासारखी बोटांनी सपाट करून गुंडाळून दिली, पण चुरगळलेल्या जागी आवाज आत-बाहेर होत राहिला तो राहिलाच. तेव्हापासून मी रोलर बदलले तर जोडीनेच बदलतो.

आता हेडच्या कोनाबद्दल, कारण ऑटो-रिव्हर्सचा आवाज मुका का होतो ते इथे कळतं. फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर धावते. दहा हजार हर्ट्‌झचा सूर, म्हणजे टाळांचा किणकिणाट समजा, त्या वेगाने फितीवर उमटतो तेव्हा त्याच्या एका लाटेची लांबी भरते फक्त 4.76 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हेडची फट, म्हणजे आवाज टिपणारी बारीक चीर, फितीला अगदी काटकोनात हवी. ती अंशाच्या दहाव्या भागाने जरी कलली तरी दीड मिलिमीटरच्या पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच मायक्रॉनहून जास्त फरक पडतो, म्हणजे अर्ध्या लाटेपेक्षा अधिक. लाटा एकमेकींना मारतात आणि टाळ गायब होतात. गाणारा तोंडावर पंचा धरून गातोय असं वाटतं. एकाच दिशेच्या सेटमध्ये हा कोन एकदा जुळवला की झालं. ऑटो-रिव्हर्समध्ये तो दोन दिशांना जुळावा लागतो आणि फीत उलट धावताना किंचित वेगळी तिरकी चालते.

फिरत्या हेडला दोन वेगळे स्क्रू असतात, प्रत्येक दिशेचा कोन स्वतंत्र जुळवता येतो. नवा असताना हा प्रकार आवाजाला सरस. पण हेड हजारो वेळा वळून वळून त्याचे टेकू झिजतात, दर वेळी ते थोडं वेगळ्या जागी टेकतं आणि त्याला जोडलेल्या केसासारख्या वायरी वाकून वाकून तुटतात. एका दिशेत एकच स्पीकर वाजतोय असं दिसलं तर बहुतेक तेच झालेलं असतं. स्थिर चार ट्रॅकच्या हेडला एकच स्क्रू, म्हणजे दोन दिशांमध्ये मधला तोडगा काढावा लागतो, टाळ जरा मवाळ वाजतात. पण तिथे हलणारं काही नाही. फार तर ट्रॅक बदलणारा स्विच खरखर करतो, तो साफ करून भागतं. आवाजाच्या शौकिनाला मी फिरतं हेड सांगेन. तुमच्या घरासाठी, रेडिओवरून साध्या फितीवर भरलेल्या आवाजासाठी, मी स्थिर हेड निवडेन. तुम्हाला टिकाऊपणा हवाय, आणि मूळ रेकॉर्डिंगमध्येच फार बारीक आवाज नाहीत.

कुठलं हेड आहे ते ओळखणं सोपं आहे. दार उघडा, टॉर्च मारा. हेडच्या दोन्ही बाजूंना रबरी रोलर दिसले की सेट ऑटो-रिव्हर्स आहे. हेड गोल कवचात बसलेलं आणि कडेला दाते दिसत असतील तर फिरतं. सरळ पट्टीवर पक्कं बसलेलं आणि चेहऱ्यावर चार बारीक चकत्या असतील तर स्थिर. डबल कॅसेटच्या सेटमध्ये दोन्ही दारं उघडून बघा. पुष्कळ सेटमध्ये ऑटो-रिव्हर्स एकाच कप्प्यात असतं, आणि असलं तरी रेकॉर्डिंग एकाच दिशेने होतं. रेकॉर्डिंग तुम्हाला नकोच आहे, त्यामुळे तो दोष मानू नका. फितीची सळसळ कमी करणारं डॉल्बी, मेटल टेपचा स्विच यांवरही वेळ घालवू नका.

सेट बघायला जाताना दोन कॅसेट न्या. वडिलांची एकही नको. एक साठ मिनिटांची, विकतची, जिच्यात तानपुरा किंवा पेटीचा लांब सूर आहे. दुसरी टाळ-चिपळ्यांच्या भजनाची. तानपुऱ्याइतकी कठोर परीक्षा कुठलंच यंत्र घेत नाही. वेग जरासा जरी डोलला तरी तानपुऱ्याचा षड्ज पाण्यावरच्या प्रतिबिंबासारखा हलतो, आणि ज्याला गाण्यातलं काही कळत नाही त्यालाही ते ऐकू येतं. आधी सुलट पाच मिनिटं ऐका, मग उलट पाच मिनिटं. सूर दोन्हीकडे तोच वाटला पाहिजे. उलट दिशेत तो उतरला असेल तर बेल्ट गेलाय, ते निस्तरता येतं. सूर ठरावीक लयीत डुलत असेल तर रोलरला खाच पडली आहे किंवा फ्लायव्हीलच्या बेअरिंगमध्ये वंगण सुकलंय. मग भजनाची कॅसेट लावा आणि दिशेचं बटण दहा वेळा दाबा. दर वेळी टाळ तेवढेच लख्ख ऐकू यायला हवेत. कधी लख्ख, कधी मुके असा खेळ चालला असेल तर हेड दर वेळी नव्या जागी बसतंय. असा सेट सोडून द्या. आणखी एक खूण: गाण्याच्या मागे दुसऱ्या बाजूचं गाणं उलटं, पुटपुटल्यासारखं ऐकू आलं तर हेडची उंची बिघडली आहे.

शेवटची परीक्षा बाजू संपण्याची. विकणारा कॅसेट मधूनच लावून दाखवतो. तुम्ही पेन्सिलीने फिरवून ती बाजू संपायला दोन मिनिटं उरतील तिथे आणा आणि वाजवा. गुंडाळणारी फिरकी तेव्हा भरलेली असते. घेर मोठा झाल्याने तिथे फीत ओढायला जोर कमी पडतो, म्हणजे थकलेला टायर मान टाकणार तो इथेच. पहिली बाजू संपून दुसरी सुरू झाली पाहिजे. मग दुसरीच्या शेवटी आणा आणि तिकडूनही बघा. एकीकडून वळतो आणि दुसरीकडून वळत नाही, असे सेट मी कितीतरी पाहिलेत.

यंत्रणेबद्दल आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर स्थिर हेड मिळालं तर बरं, दोन्ही दिशांना सूर सारखा, दहा वेळा वळून टाळ तसेच आणि दोन्ही टोकांना आपोआप पलटी. एवढं जमत असेल तर सेट विचारात घ्या.

पण आईंच्या बाबतीत एक गोष्ट मला यंत्रणेइतकीच महत्त्वाची वाटते, ती म्हणजे बटणं. ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक सेटची बटणं पेटीच्या पट्ट्यांसारखी, दाबल्यावर खाली अडकून राहणारी. प्ले दाबताना तुमचं बोट हेडची पट्टी, रोलर, स्प्रिंगा असं सगळं उचलून पुढे ढकलत असतं. संधिवाताच्या बोटांना ते झेपत नाही, माझ्या स्वतःच्या आईला शेवटची काही वर्षं झेपत नव्हतं. नव्वदच्या दशकातल्या वरच्या किमतीच्या सीडीवाल्या सेटमध्ये स्पर्शाने चालणारी बटणं असतात, जोर सगळा आतली मोटर किंवा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर ओढला जाणारा खटका, लावते. त्यातल्या काहींना रिमोटही मिळायचा. मात्र रिमोटवर कॅसेटची बटणं आहेत का ते बघून घ्या, बऱ्याच रिमोटवर फक्त सीडी आणि आवाज असतो. कॅसेट चालवणारा रिमोट खरंच काम करत असेल तर आईंना अंथरुणावरून उठावंही लागणार नाही.

बदल्यात एक जोखीम येते. अशा यंत्रणेतलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक तडकलं तर ते सहसा मिळत नाही. बेल्ट, टायर, रोलर हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी केल्यावर अजून सापडतात, नेमकं ते चाक सापडत नाही. तुटक्या सेटमधून काढून बसवावं लागतं. म्हणून स्पर्शाच्या बटणांचा सेट बघताना दिशा बदलतानाचा आवाज कान देऊन ऐका. एक स्वच्छ खटका ठीक. कर्र-कर्र, दोन-तीनदा प्रयत्न, मग खटका, असं असेल तर चाकाचे दिवस भरलेत.

बाहेरून आणलेल्या सेटच्या दोन गोष्टी वाचून घ्या, मागची पट्टी टॉर्चने. जपानच्या स्थानिक बाजारातला सेट 100 व्होल्टचा असतो, अमेरिकेचा 120 चा. आपल्या 230 वर सरळ लावला तर ट्रान्सफॉर्मर जळतो. व्होल्टेज बदलायचा खटका असेल तर तो 220-240 वर आहे ना ते वायर लावायच्या आधी बघा. दुसरं म्हणजे जपानी सेटचा एफएम बऱ्याचदा 76 ते 90 मेगाहर्ट्‌झचाच असतो, आपली बहुतेक स्टेशनं त्याच्या पुढे आहेत. आईंना रेडिओही ऐकायचा असेल तर हे आधी बघा. सेलचा कप्पा उघडून पांढरी-हिरवी बुरशी आहे का तेही बघून घ्या.

पैशाचं म्हणाल तर बारा हजारांचा सेट घेऊ नका. सात-आठचा घ्या आणि उरलेले कामासाठी ठेवा. या वयाच्या सेटचा बेल्ट बदलायचाच आहे असं धरून चाला. जुने बेल्ट वितळून डांबर होतात. फ्लायव्हीलवर, मोटरच्या चाकावर काळा चिकट थर बसतो, बोटाला लागला तर दिवसभर निघत नाही. तो कानात घालायच्या कापसाच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसल्याशिवाय नवा बेल्ट टाकला तर महिन्यात पुन्हा तेच. पेट्रोल, थिनर, नेलपेंट रिमूव्हर यांतलं काहीही प्लॅस्टिकजवळ नको. कारागिराला आधीच सांगा की दोन्ही रोलर, टायर आणि बेल्ट एकदम करायचे, दोन्ही कॅपस्टनच्या बेअरिंगला थेंबभर तेल, आणि रबर बँड लावून तात्पुरतं चालवून द्यायचं नाही. रबर बँडने वेग कधीच स्थिर राहत नाही.

घरातला जुना टू-इन-वन मात्र विकू नका. वडिलांनी कॅसेट बहुधा त्यावरच भरल्या असणार, म्हणजे त्या फितींवर त्याच हेडचा कोन उमटलाय. नव्या सेटवर त्या मुक्या वाटल्या तर कारागिराकडे वडिलांची एक कॅसेट न्या आणि हेडचा कोन तिच्यावर जुळवून घ्या. स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून नेलपेंटची एक रेघ ओढायला सांगा, म्हणजे हवं तेव्हा मूळ जागेवर परत येता येईल. अगोदर त्या कॅसेटचा फेल्टचा छोटा तुकडा जागेवर आहे का ते बघा. फितीला हेडवर दाबून धरणारा तो असतो आणि जुना गोंद सुकून निघून पडतो. तो नसेल तर कुठल्याच सेटवर आवाज नीट येणार नाही.

त्याच जुन्या सेटवरून, एकाच दिशेने, आधी वडिलांच्या कॅसेट मोबाइलवर किंवा संगणकावर उतरवून घ्या. हेडफोनच्या भोकातून वायर जोडून होतं. शंभर कॅसेट एकदम नाही, ज्यांच्यात वडिलांचा स्वतःचा आवाज आहे त्या पहिल्या. नव्वद मिनिटांची फीत साधारण 12 मायक्रॉन जाड असते, एकशेवीसची 9. साठच्या फितीच्या मानाने या फारच नाजूक. एकशेवीसच्या कॅसेट ऑटो-रिव्हर्सवर लावूच नका.

आता तुमचे दोन सेट. दोन्ही परीक्षेला उतरले असं धरलं तर आईंसाठी मी काळा घेईन, बटणांसाठी. चंदेरी सेट आवाजाला भारदस्त असेल, दिवाणखान्यात शोभेल, पण त्याची प्ले दाबायला रोज कोणीतरी हवं, आणि कोणी नसतं हीच तर तुमची अडचण आहे. काळ्याची बटणं कडक निघाली किंवा दिशा बदलताना कर्रकर्र झाली तर दोन्ही सोडा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी फेरी मारा, असे सेट अजून येतात.

घरी आणल्यावर तीन कामं करा. सेटवर दिशेचा एक खटका असतो, त्याच्या तीन जागा असतात: एकच बाजू, दोन्ही बाजू एकदा, आणि अखंड. तो मधल्या जागी ठेवा, म्हणजे आईंना डोळा लागला तरी दोन्ही बाजू वाजून सेट आपोआप थांबेल, रात्रभर फीत घासत बसणार नाही. दुसरं, सेट भिंतीवरच्या बोर्डाच्या बटणावरून बंद करायची आपल्याकडे सवय असते. आधी स्टॉप, मगच बोर्ड. कॅसेट वाजत असताना वीज तोडली तर रोलर कॅपस्टनवर दाबलेलाच राहतो आणि रबरात खाच पडते. स्टॉपच्या बटणावर एक लाल टिकली चिकटवा, आईंना चष्म्याशिवायही सापडेल. तिसरं, वडिलांच्या प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेवरचे दोन्ही प्लॅस्टिकचे चौकोन मोडून टाका. ऑटो-रिव्हर्स सेटमध्ये एकच मोडून भागत नाही, दोन्ही बाजू पुसल्या जाण्यापासून वाचवायच्या असतात.

आणि पहिले पंधरा दिवस आईंना विकतच्या कॅसेट लावून द्या, रोज दोन्ही बाजू पूर्ण. एकदाही फीत अडकली नाही, सूर हलला नाही, तर सोळाव्या दिवशी वडिलांची लावा. लावण्याआधी ती एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडून गुंडाळी घट्ट झालेली असते. त्या दिवशी पहिला तासभर सेटजवळ बसून राहा. काळ्या सेटच्या हेडचा आणि मागच्या पट्टीचा फोटो काढून इथे टाकलात तर हेड कुठलं आहे ते मी बघून सांगतो.